स्कोलेसाइट आणि इतर तंतुमय झिओलाइट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विहीर खणताना किंवा खडीच्या खाणीत सुरुंग उडवल्यावर काळ्या दगडाच्या पोकळीतून पांढऱ्या सुयांचा झुपका निघतो. फोटो काढला जातो, ओळखीतल्या 'दगडवाल्या' माणसाला पाठवला जातो आणि खाली लिहिलेलं असतं, "सर, हे काय आहे?" नाशिक, पुणे, जळगाव, अहिल्यानगर या भागांतून आलेला फोटो असेल तर उत्तर बऱ्याचदा स्कोलेसाइट किंवा मेसोलाइट हेच असतं. पण 'बऱ्याचदा' या शब्दात बरंच काही दडलंय. त्यासाठीच ही प्रश्नोत्तरं.

झिओलाइट म्हणजे नेमकं काय?

सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या चौकटीनं बनलेलं खनिज. ही चौकट पोकळ असते. तिच्यात बोगद्यांसारखे मार्ग असतात आणि त्या मार्गांत सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, आणि पाण्याचे रेणू बसलेले असतात. तापवलं की पाणी निघून जातं, चौकट बहुतेक वेळा तशीच उभी राहते आणि दमट हवेत ठेवलं की पाणी परत आत शिरतं. घर तेच, भाडेकरू ये-जा करतात, असा हा प्रकार.

आक्सेल क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाला १७५६ साली असं एक खनिज फुंकनळीच्या ज्योतीत धरल्यावर फसफसताना दिसलं. म्हणून त्यानं ग्रीक शब्द घेऊन 'उकळणारा दगड' अशा अर्थाचं नाव ठेवलं. ते नाव आज अख्ख्या घराण्याला चिकटलं आहे.

स्कोलेसाइट या नावाचा अर्थ काय?

'स्कोलेक्स' म्हणजे ग्रीक भाषेत किडा किंवा अळी. गेलेन आणि फुक्स या जर्मन संशोधकांनी १८१३ साली हे नाव दिलं. ज्योतीत धरलेली स्कोलेसाइटची सुई पाणी सोडताना अळीसारखी वळवळते, वाकडी होते, म्हणून. इतक्या देखण्या खनिजाला हे नाव म्हणजे अन्यायच आहे. पण त्या काळी फुंकनळी हीच प्रयोगशाळा होती आणि नावं ठेवताना रूपापेक्षा वागणुकीला मान होता.

गुणधर्म थोडक्यात सांगाल का?

रंग बहुतेक पांढरा किंवा रंगहीन, क्वचित गुलाबी वा पिवळसर छटा. चमक काचेसारखी, बारीक तंतूंचा पुंजका असेल तर रेशमासारखी. कठिनता मोहस् मापावर ५ ते ५.५, म्हणजे साधारण चाकूच्या पात्याइतकी. ही परीक्षा सुयांवर करून बघू नका, ओरखडा उठण्याआधी सुईच मोडते. विशिष्ट गुरुत्व २.२७ च्या आसपास. क्वार्ट्झचं, म्हणजे आपल्या गारगोटीचं, २.६५ असतं. त्यामुळे तेवढ्याच आकाराचा स्कोलेसाइट हातात हलका लागतो. चौकट पोकळ आहे, त्याचा हा साधा पुरावा.

स्फटिक एकनत प्रणालीतले, म्हणजे एक अक्ष तिरका असलेले, पण दिसायला ते सरळ चौकोनी पट्ट्यांसारखे वाटतात, कारण ते जवळजवळ नेहमी जुळे, म्हणजे दोन स्फटिक एकमेकांत सांधून वाढलेले असतात. पाटन, म्हणजे ठरावीक सपाट पृष्ठांवरून सहज फुटण्याचा गुण, सुईच्या लांबीला समांतर, दोन दिशांत आणि चांगलं. वजनाच्या हिशेबात सुमारे १३.८ टक्के पाणी. हायड्रोक्लोरिक आम्लात टाकलं की विरघळतं आणि सिलिकाचा जेलीसारखा गोळा उरतो.

आणखी एक गमतीचा गुण: स्कोलेसाइट दाबविद्युत आणि तापविद्युत आहे. म्हणजे दाबलं किंवा तापमान बदललं की स्फटिकाच्या दोन टोकांवर विरुद्ध विद्युतभार येतो. त्याच्या अंतर्रचनेत दोन टोकं सारखी नसतात, हे त्यामागचं कारण.

याच्या सुयाच का होतात? ठोकळे का नाहीत?

चौकटीच्या आत डोकावलं की कळतं. लायनस पॉलिंग यांनी १९३० साली नॅट्रोलाइटची रचना मांडली आणि पुढच्या काही वर्षांत तिच्या भावंडांचीही उलगडली. मूळ घटक असा: मध्यभागी सिलिकॉन किंवा ॲल्युमिनियम आणि चार कोपऱ्यांवर ऑक्सिजन असलेले चतुष्फलक. चार चतुष्फलकांचं कडं आणि त्या कड्याला पुढच्या कड्याशी सांधणारं पाचवं. अशा पाच-पाचच्या मण्यांची माळ तयार होते. एक मणी साधारण ६.६ अँगस्ट्रॉम लांबीचा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग).

माळेच्या लांबीत बंध दाट आणि मजबूत. शेजारच्या माळेशी मात्र जोडणी विरळ. म्हणून स्फटिक लांबीत भराभर वाढतो, रुंदीत रेंगाळतो, आणि फुटतो तेव्हा माळांच्या मधूनच फुटतो. सुई आणि तिचं पाटन या दोन्ही गोष्टी त्या एकाच माळेतून येतात.

नॅट्रोलाइट, मेसोलाइट आणि स्कोलेसाइट यांत फरक काय?

माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

तिघांची चौकट एकच. आंतरराष्ट्रीय झिओलाइट संघटनेनं चौकटींना तीन-तीन अक्षरांचे संकेत दिले आहेत. या तिघांना मिळून एकच संकेत आहे, एन-ए-टी. तिघांतही दर २ ॲल्युमिनियममागे ३ सिलिकॉन आणि १० ऑक्सिजन. फरक फक्त बोगद्यात कोण राहतं याचा.

नॅट्रोलाइटमध्ये या हिशेबाला २ सोडियम आणि पाण्याचे २ रेणू. आता दोन सोडियम काढा. प्रत्येकावर एकेक धनभार होता, म्हणून त्यांच्या बदल्यात दोन धनभारांचा एकच कॅल्शियम पुरतो. भार जुळला, पण दोन माणसं गेली आणि एकच आलं, एक जागा रिकामी राहिली. तिथे पाण्याचा तिसरा रेणू येऊन बसतो. झाला स्कोलेसाइट: १ कॅल्शियम आणि ३ पाणी.

मेसोलाइट दोघांच्या मधला. 'मेसो' म्हणजे मधलाच. पण तो अर्धा-अर्धा काला नाही. त्यात सोडियमवाला एक थर, मग कॅल्शियमवाले दोन थर, पुन्हा सोडियमवाला एक, असा काटेकोर क्रम चालतो. हिशेब करून पाहा: नॅट्रोलाइटचा एक वाटा आणि स्कोलेसाइटचे दोन वाटे मिळवले की २ सोडियम, २ कॅल्शियम, ६ ॲल्युमिनियम, ९ सिलिकॉन, ३० ऑक्सिजन आणि ८ पाणी. मेसोलाइटचं सूत्र हेच आहे. या क्रमामुळे त्याची एकक कोशिका, म्हणजे रचनेत पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान ठोकळा, एका दिशेनं तिप्पट लांब होते, सुमारे ५६.७ अँगस्ट्रॉम.

नॅट्रोलाइट आणि मेसोलाइट समचतुर्भुजी प्रणालीतले, म्हणजे तिन्ही अक्ष एकमेकांशी काटकोनात. कॅल्शियमच्या बसण्याच्या पद्धतीमुळे स्कोलेसाइटमध्ये हा तोल थोडा ढळतो आणि तो एकनत होतो.

मग नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येतात का?

नाही. अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही. दख्खनमधला अनुभव असा की केसांसारखे बारीक, फुंकर मारली तरी हलतील असे तंतू असले तर मेसोलाइटची शक्यता अधिक. पंख्यासारखे पसरलेले जाडसर, पट्टीदार स्फटिक असले आणि टोकावर भिंगातून 'व्ही'सारख्या रेघा दिसल्या तर स्कोलेसाइट. त्या रेघा जुळ्या स्फटिकांच्या सांध्याच्या खुणा असतात. पण बारीक स्कोलेसाइट आणि जाड मेसोलाइट ही दोन्ही असतात, आणि एकाच झुपक्यात दोघंही असू शकतात.

ध्रुवण सूक्ष्मदर्शक हाताशी असेल तर काम सोपं होतं. त्याचे ध्रुवक, म्हणजे प्रकाशाला एकाच दिशेत कंपू देणाऱ्या चकत्या, एकमेकांना काटकोनात ठेवून सुई फिरवा. नॅट्रोलाइटची सुई ध्रुवकाच्या रेषेला समांतर आली की काळी पडते. स्कोलेसाइट १५ ते १८ अंशांनी तिरकी असताना काळी पडते, आणि जुळी असेल तर तिचे दोन भाग वेगवेगळ्या वेळी काळे होतात. मेसोलाइटचा द्विअपवर्तनांक, म्हणजे त्याच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अपवर्तनांकातला फरक, ०.००१ इतका क्षुल्लक असतो की तो कसाही फिरवा, काळपट राखाडीच दिसतो. अपवर्तनांक, म्हणजे खनिजात शिरताना प्रकाश किती वाकतो याचं माप, तेही मदत करतात: नॅट्रोलाइट १.४७ ते १.५० च्या दरम्यान, मेसोलाइट १.५०५ ते १.५१२, स्कोलेसाइट १.५०७ ते १.५२१. शेवटच्या दोघांचे आकडे एकमेकांवर चढतात, तेव्हा त्यांच्यासाठी द्विअपवर्तनच बघावं.

क्ष-किरण विवर्तनात चौकट कोणती ते लगेच कळतं. तिघांची चौकट सारखी असल्यामुळे तिथेही बारकाईनं पाहावं लागतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मशोधकानं सोडियम-कॅल्शियमचं प्रमाण काढलं की शंका मिटते.

महाराष्ट्रातल्या नमुन्यावर 'नॅट्रोलाइट' अशी चिठ्ठी दिसली तर मी तरी आधी शंका घेतो. आपल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्ह्यापासून झालेल्या काळ्या दगडात, कॅल्शियमची चंगळ आहे. खरा नॅट्रोलाइट इथे तुलनेनं दुर्मीळ.

सगळे तंतुमय झिओलाइट एकाच गटात येतात का?

इथेच सर्वांत जास्त घोळ होतो. 'तंतुमय' हे रूपाचं वर्णन आहे, वर्गाचं नाव नाही. बांबू आणि ऊस दोन्ही पेरांचे म्हणून त्यांचा रस सारखा नसतो.

जुन्या पुस्तकांत 'तंतुमय झिओलाइट' म्हटलं की नॅट्रोलाइटचं घराणंच अभिप्रेत असे, आणि निकल-स्ट्रुन्झ वर्गीकरणात आजही पाच-पाचच्या माळांच्या झिओलाइटना एक स्वतंत्र गट आहे. या माळा तीन तऱ्हांनी एकमेकींना जोडता येतात. पहिल्या तऱ्हेतून नॅट्रोलाइट, मेसोलाइट, स्कोलेसाइट आणि गोनार्डाइट. दुसरीतून थॉमसोनाइट, ज्याला स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस थॉमसन यांचं नाव आहे. तिसरीतून बेरियमचा एडिंग्टोनाइट.

पण तंतूंच्या रूपात येणारी आणखी दोन खनिजं या घराण्याबाहेरची आहेत. एक मॉर्डेनाइट. हेन्री हाउ यांनी १८६४ साली कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातल्या मॉर्डेन गावावरून त्याचं नाव ठेवलं. हे कापसासारखं दिसतं, पण चौकट पूर्ण निराळी, सिलिकॉनचं प्रमाण ॲल्युमिनियमच्या सुमारे पाचपट आणि मुख्य बोगदा जवळजवळ ७ अँगस्ट्रॉम रुंद. दुसरं एरिओनाइट, षट्कोनी प्रणालीतलं. 'एरिऑन' म्हणजे लोकर. १८९८ साली अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या नमुन्यावरून त्याचं वर्णन झालं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आजचा नियम १९९७ साली आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेच्या उपसमितीनं घालून दिला. आधी चौकट बघायची. मग बोगद्यात कोणता आयन सर्वाधिक आहे ते बघून नावाला शेपूट जोडायचं, जसं एरिओनाइट-कॅल्शियम, एरिओनाइट-सोडियम, एरिओनाइट-पोटॅशियम. नॅट्रोलाइट, मेसोलाइट, स्कोलेसाइट ही नावं मात्र स्वतंत्र ठेवली गेली, कारण त्यांच्यात आयनांच्या जागा ठरलेल्या, शिस्तबद्ध आहेत. तंतू आहेत की ठोकळे, याला या नियमात कुठेही स्थान नाही.

ओकेनाइटचे पांढरे मऊ गोळेही झिओलाइटच ना?

नाही. सशाच्या शेपटीसारखे ते गोळे पुणे-मुंबई भागातून जगभर जातात आणि दुकानात झिओलाइटच्या शेजारीच मांडलेले असतात. पण ओकेनाइटमध्ये ॲल्युमिनियमची चौकट नाही, तो कॅल्शियमचा पाणीयुक्त सिलिकेट आहे. त्याचप्रमाणे ॲपोफिलाइटही झिओलाइट नाही, तरी स्कोलेसाइटच्या मांडीला मांडी लावून बसलेला सापडतो. निळा, गुलाबी ओकेनाइट कुणी दाखवला तर तो रंगवलेला समजावा.

महाराष्ट्रात इतके झिओलाइट का सापडतात?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर साचून दख्खनचं पठार बनलं. आज ते पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास उरलं आहे. प्रत्येक थरात वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, भाकरीच्या पापुद्र्याखाली हवा अडकते तसे. दगड थिजला, बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. नंतर भेगांमधून पाणी झिरपलं. ते कोमट-गरम पाणी बेसाल्टमधली काच आणि फेल्डस्पार खात गेलं आणि त्यातला कॅल्शियम, सिलिका, ॲल्युमिना पोकळीत आणून ठेवत गेलं. स्कोलेसाइट, स्टिल्बाइट, हॉयलँडाइट ही आपल्याकडची नेहमीची मंडळी सगळी कॅल्शियमप्रधान आहेत, ती यामुळेच.

पोकळी मोकळी राहिली आणि पाणी संथ राहिलं तर सुया लांब वाढतात. नाशिकचे स्कोलेसाइट जगातल्या उत्तम नमुन्यांत गणले जातात. त्या तोडीचं जुनं नाव म्हणजे आइसलंडमधलं टेगारहॉर्न, तेही बेसाल्टच. तिथे आता खनिजं गोळा करायला बंदी आहे. आपल्याकडे उलट गंमत: रस्त्यासाठी खडी फोडताना जे मिळतं तेवढंच वाचतं, बाकीचं क्रशरमधून जाऊन डांबराखाली गाडलं जातं. आपण सगळेच कधी ना कधी स्कोलेसाइटवरून गाडी चालवत गेलो असणार.

चांगले नमुने एका जागी बघायचे असतील तर सिन्नरजवळ माळेगाव औद्योगिक वसाहतीतलं गारगोटी संग्रहालय आहे.

सुया आहेत म्हणजे हे ॲस्बेस्टॉससारखं घातक आहे का?

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर खनिजाच्या नावावर अवलंबून आहे.

एरिओनाइट घातक आहे, यात संशय नाही. तुर्कस्तानातल्या कापादोकिया भागात काराइन, तुझकोय आणि सारीहिदिर या गावांत फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, मेसोथेलिओमा, भयानक प्रमाणात आढळला. १९७० च्या दशकापासून इझ्झेत्तिन बारीश या डॉक्टरांनी त्याचा पाठपुरावा केला. तिथली घरं ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या मऊ दगडाची, आणि त्या दगडात एरिओनाइटचे तंतू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं एरिओनाइटला पहिल्या गटात टाकलं आहे, म्हणजे माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेलं. त्याच संस्थेनं १९९७ साली मॉर्डेनाइट, क्लिनॉप्टिलोलाइट वगैरेंचा विचार केला आणि निर्णय देण्याइतका पुरावा नाही, असं नोंदवलं.

स्कोलेसाइटचा नमुना कपाटात ठेवण्यात घाबरण्यासारखं काही नाही. सुया टोचतात मात्र निवडुंगाच्या कुसळासारख्या, आणि बोटात मोडल्या की चिमट्यानंही निघत नाहीत. कुठलाही तंतुमय दगड कोरडा कापू नये, घासू नये, कुटू नये. कापायचाच असेल तर पाण्याखाली आणि योग्य मास्क लावून. कापसासारखा नमुना आला आणि त्याची ओळख पक्की नसेल तर तो झाकणाच्या डबीत ठेवा आणि तपासून घ्या.

शेतीसाठी झिओलाइटची पावडर विकत मिळते. मग विहिरीतला हा दगड कुटून द्राक्षबागेत टाकला तर?

टाकू नका, उपयोग नाही. शेतीत, मत्स्यतळ्यात वापरतात तो बहुतेक क्लिनॉप्टिलोलाइट असतो. त्याचे बोगदे रुंद असतात, अमोनियम आयन आत धरून ठेवता येतो आणि तो हळूहळू सुटतो. स्कोलेसाइटचा बोगदा साधारण २.६ गुणिले ३.९ अँगस्ट्रॉम, म्हणजे बोळच. पाणी जेमतेम जातं. आणि वरच्या उत्तरात कुटू नका म्हटलंय ते आहेच.

स्कोलेसाइटनं झोप चांगली लागते, मन शांत होतं म्हणतात. खरं का?

खनिजशास्त्रात याला काडीचाही आधार नाही. टेबलावर सुंदर वस्तू ठेवून कुणाला बरं वाटत असेल तर तेवढं खरं. झिओलाइटची पूड 'शरीरशुद्धी'साठी पोटात घ्या म्हणणाऱ्यांपासून मात्र चार हात लांब राहा.

किंमत किती येईल?

सुया शाबूत किती, झुपका पूर्ण किती, सोबत दुसरं खनिज कोणतं, यावर सगळं ठरतं. विहिरीतून पहारीनं काढलेल्या नमुन्याच्या सुया बहुतेक मोडलेल्या असतात. तो शाळेला द्या.

साफ कसा करायचा?

माती लागली असेल तर साध्या पाण्यात बुडवून ठेवायचा आणि पाणी अलगद बदलत राहायचं. ब्रश नको. नळाची धार नको. कंपनांवर चालणारं दागिने धुण्याचं यंत्र तर मुळीच नको, पाटनावरून सुया सुट्या होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे आम्ल. वर कॅल्साइट बसलेला असतो, तो काढायला लोक बाथरूम साफ करायचं ॲसिड ओततात. कॅल्साइट जातो, आणि त्याच्यासोबत स्कोलेसाइटची चमकही जाते. मी स्वतः कॉलेजात असताना असा एक नमुना घालवला आहे. सकाळी बघितलं तर सुया दुधाळ, टोकं बोथट आणि भांड्याच्या तळाशी चिकट खीर.

प्रवासात नेताना कापसात गुंडाळू नका. कापसाचे धागे सुयांत अडकतात आणि काढताना सुया घेऊन येतात. नमुन्याचा दगडी तळ खोक्याला पक्का बांधा आणि सुयांना कशाचाही स्पर्श होऊ देऊ नका.

जुन्या संग्रहात 'पूनालाइट' अशी चिठ्ठी आहे. हे कोणतं खनिज?

पुण्याच्या नावानं एक खनिज होऊन गेलं, हे पुणेकरांनाही ठाऊक नसतं. ब्रूक या इंग्रज खनिजशास्त्रज्ञानं १८३१ साली पुण्याकडच्या सुईदार नमुन्याला नवीन खनिज समजून 'पूनालाइट' नाव दिलं. पुढे तपासणीत ते स्कोलेसाइट-मेसोलाइटच्या कुटुंबातलंच निघालं आणि नाव बाद झालं. चिठ्ठी मात्र फेकू नका. नमुना तपासून नवं नाव लिहा आणि जुनी चिठ्ठी त्याच डबीत खाली ठेवा.